बॉल भाईर व्हता

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. ज्या खेळाविषयी लिहायला बसलोय तो मी कधी खेळलेलो नाही. त्याचा चेंडू हातातही घेतलेला नाही. आमच्या नेरे गावात तो कुणी खेळत नाही, आणि मुळशी तालुक्यात आणखी कुठे खेळत असतील तर मला माहीत नाही. त्यात आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, हे आपण लिहावं का? मराठीच्या मॅडम म्हणाल्या, जे मनातून जात नाही ते लिही. माझ्या मनातून अमेरिकेतल्या बेसबॉलचे पंच जात नाहीत. हे वाचून कुणाला हसू आलं तर हसावं. आम्हीपण हसायचो.

आमच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा विकल्यावर त्यांनी घरामागे भाड्याच्या खोल्या बांधल्या. हिंजवडीत कामाला जाणारी मुलं तिथे राहतात. थोडं भाताचं रान आणि एक म्हैस ठेवली आहे. पण सकाळी दूध घालून आले की आबांच्या हाताला काम उरायचं नाही. मग ते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघायचे. पूर्वी ते भांडखोर होते असं आई सांगते. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, कबड्डीच्या सामन्यावरून भांडायचे. जमीन गेली आणि भांडायलाही काही राहिलं नाही.

अशात एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक भाडेकरू आले. वय चाळिशीच्या आसपास. अमेरिकेत नोकरीला होते, आईच्या दिवसांसाठी लातूरकडे गावी आले होते. परत जायचं तर व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागणार होता. ते काम लगेच होईल असं त्यांना वाटलं, पण झालं नाही. तोवर कंपनीने त्यांना हिंजवडीच्या ऑफिसात बसवलं. त्यांची बायको तिकडे नोकरीला होती आणि मुलगी तिसरीत. दोघी तिकडे, हे इकडे. फ्लॅट घ्यावा तर करार अकरा महिन्यांचा.

"मला तेवढं राहायचंच नाहीये," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "बोलावणं आलं की निघणार."

"मंग ऱ्हावा की," आबा म्हणाले. "जवा जायचं तवा जावा. पाव्हण्याला कोण थांबवतंय?"

तेव्हापासून आबांसाठी ते पाव्हणंच झाले. मी त्यांना काका म्हणायचो.

बेसबॉल आमच्या घरात आला तो काकांच्या मुलीमुळे. तिच्या शहराच्या संघाचे सामने तिकडे संध्याकाळी असतात, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातच्या सुमारास. तिकडे असताना बापलेक शेजारी बसून सामना बघायचे. आता ती तिच्या घरी टीव्ही लावायची आणि हे खोलीत मोबाइलवर बघायचे, दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल. एकदा आबा खोलीचा नळ बघायला गेले, आणि दोन मोबाइल, दोन चार्जर आणि मध्ये मांडी घालून बसलेला माणूस बघून म्हणाले, "आवं, आमचा टीव्ही काय पूजेला ठेवलाय व्हय? चला खाली."

आमचा टीव्ही मोठा होता. जमिनीच्या व्यवहारानंतर घेतलेला. काकांनी त्यात सामन्यांचं ॲप टाकलं, स्वतःचा पासवर्ड घातला, आणि आमच्या हॉलमध्ये सकाळचं अमेरिकन स्टेडियम उघडलं. म्हणजे तिकडची संध्याकाळ. हिरवंगार गवत, दिवे, चिक्कार माणसं. आईने चहा आणला आणि विचारलं, "ह्ये शेत कुणाचं?"

आबांना खेळ कळायला वेळ लागला, कारण आमचं सगळं गणित क्रिकेटचं. क्रिकेटमध्ये बॉल सोडून दिला तर कुणी काही म्हणत नाही, उलट शहाणा म्हणतात. इथे तसं नाही. बॅटरच्या पुढे, गुडघ्यापासून छातीपर्यंत, पायाशी पुरलेल्या पांढऱ्या प्लेटच्या रुंदीची एक चौकट धरलेली असते. ती हवेत असते, दिसत नाही. त्या चौकटीतून आलेला बॉल सोडला तरी बॅटरच्या नावावर एक स्ट्राइक लागतो. असे तीन झाले की तो बाद. चौकटीच्या बाहेरचा बॉल सोडला तर मात्र त्याचा फायदा. आणि बॉल आत होता की बाहेर, हे ठरवतो बॅटरच्या मागे बॉल पकडायला बसलेल्या कॅचरच्याही मागे वाकून उभा असलेला पंच.

"म्हंजी सोडलेल्या बॉलची बी शिक्षा?" आबा म्हणाले.

"आत असेल तर."

"आन भाईर आसंल तर?"

"बाहेर असेल तर नाही. पण पंचाला तसं दिसलं पाहिजे."

इथेच खरी मजा होती. टीव्हीवर ती चौकट रेघांनी आखून दाखवतात. बॉल गेला की कुठून गेला त्याचा ठिपका उमटतो. त्यामुळे घरी बसलेल्या प्रत्येकाला दिसतं की बॉल वीतभर बाहेर होता, आणि त्याच क्षणी पंच हात उचलून स्ट्राइक देतो. त्याला रेघा दिसत नसतात. त्याच्याकडे फक्त डोळे. तिसरा स्ट्राइक देताना काही पंच तर असे जोरात हवेत ठोसा मारतात, जणू त्यांनीच सामना जिंकलाय.

"आबा, पंच पंच मारतोय," काका म्हणायचे. आबांना तो विनोद कळायला दोन दिवस लागले आणि मग ते तो महिनाभर सगळ्यांना सांगत राहिले.

पहिल्यांदा असा चुकीचा निर्णय बघितला तेव्हा आबा सोफ्यावरून उठून उभे राहिले. "आरं भाईर हाय! भाईर हाय की त्यो! आंधळ्या, भाईर व्हता!" इतक्या मोठ्याने, की पलीकडची चुलती कणकेच्या हातानं धावत आली. "काय झालं, कुणासंग भांडतायसा?"

आई म्हणाली, "अमेरिकंसंग."

काकांच्या मोबाइलवरून खिदळण्याचा आवाज आला. पलीकडे ती मुलगी उशीवर पडून हसत होती. काकांनी मोबाइल आबांकडे वळवला. दोघांनी एकमेकांना बघितलं.

"आबा, पुन्हा म्हणा ना," ती म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ होतं, फक्त 'ण' म्हणताना जीभ अडखळायची.

"काय म्हणू, बाय?"

"ते ओरडलात ते."

"भाईर हाय!" आबा म्हणाले.

"भाईर हाय!" ती ओरडली. तिच्या मागून तिच्या आईचा वैतागलेला आवाज आला, हे काय नवीन?

तेव्हापासून सकाळ ठरूनच गेली. आबा डेअरीवरून येऊन आंघोळ करून बसायचे. माझं कॉलेज उशिरा असेल त्या दिवशी मीही बसायचो. बॉल टाकणारा पिचर हात फिरवायचा, बॉल यायचा, पंच काही बोलण्याआधीच दोन देशांतून आवाज व्हायचा. काका एरवी अगदी हळू बोलणारे, पण पंचाला मात्र इंग्रजीतून इतकं बोलायचे की मला त्यातलं निम्मं कळायचं नाही आणि विचारायची लाज वाटायची. एकदा काकांनी समजावलं की कॅचर बाहेरचा बॉल पकडता पकडताच हातमोजा हळूच आत ओढतो, म्हणजे पंचाला बॉल आत आल्यासारखा वाटावा. याला तिकडे कौशल्य मानतात. आबा बघतच राहिले.

"काटा मारतोय की त्यो!"

"काटा?" पलीकडून मुलीने विचारलं.

"आगं, दुकानदार वजन करताना पारड्याला बोट लावतो बघ. तसं."

"ओ. चीटिंग."

"चिटिंग न्हाई, ह्याला काटा मारनं म्हंत्यात."

एका सामन्यात त्यांच्या संघाचा मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, चिडून मैदानात आला. पंचाच्या तोंडाला तोंड लावून भांडला, बुटाने प्लेटवर माती लोटली आणि पंचाने त्याला बाहेर काढलं. आबा खूश झाले. "ह्यो मानूस आपल्याकडचा दिसतोय." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पर भांडला म्हनून काढला? मंग विचारायचं कुनी?"

"कुणी नाही," काका म्हणाले. "आत-बाहेरचा निर्णय पंचाचा. त्यावर वाद घालायला परवानगीच नाही."

हे असं चालू असताना एक गंमत झाली, ती आमच्या कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. त्या मुलीला 'भाईर' हा शब्द आबांकडूनच मिळाला होता. 'बाहेर' तिला माहीत होतं. बाहेर जाऊ, बाहेर पाऊस आहे. पण 'भाईर' म्हणजे तोच शब्द गावाकडच्या बोलीत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आबा तो शब्द फक्त पंच चुकला की ओरडायचे. त्यामुळे तिने त्याचा अर्थ स्वतःच लावला होता. एके सकाळी ती तक्रार करत होती. शाळेत दुसऱ्याच मुलीने धक्का दिला आणि टीचरने शिक्षा म्हणून हिला बसवलं. "टीचरने भाईर दिलं, आबा."

आबा माझ्याकडे बघायला लागले. काका हसून हसून खोकायला लागले. "तिला वाटतंय भाईर म्हणजे चुकीचा निर्णय."

"मंग बरोबरच हाय की," आबा म्हणाले. कुणीही ती चूक दुरुस्त केली नाही. पुढे ताटात जास्तीची भाजी वाढली तरी ते भाईर असायचं, झोपायला लवकर पाठवलं तरी भाईर. आमच्या घरातसुद्धा तो अर्थ रुळला. माझे एका पेपरात मार्क कमी आले तेव्हा आईने विचारलं, "भाईर दिलं का रं मास्तरनी?" खरं तर मी अभ्यासच केला नव्हता.

भाताची लावणी झाली त्या सुमारास काकांना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली. ते आदल्या दिवशीच मुंबईला गेले. आईने डब्यात पोळ्या दिल्या, आबांनी देवापुढचा अंगारा लावला. काकांची बॅग जवळजवळ भरलेलीच होती. मुलीने सांगितलं होतं की बाबा आले की पुढचा सामना स्टेडियममध्ये बघायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले. त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवताना म्हणाले, "दोन मिनिटं पण नाही बोलला तो अधिकारी. खिडकीपलीकडून म्हणाला, तपासायचं आहे, कळवू. काय तपासायचं, विचारलं. तर पुढच्या माणसाला बोलावलं."

सकाळी सामना होता. काका खाली येतील असं मला वाटलं नव्हतं, पण आले, कारण कॉल लागलेला होता. पलीकडे ती त्यांच्या संघाची टोपी घालून बसली होती. तिला कितपत सांगितलं होतं मला माहीत नाही. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा गेला. त्यांचा शेवटचा बॅटर, त्याच्यावर दोन स्ट्राइक, आणि धाव पुरी करायला बेसवर थांबलेला त्यांचाच माणूस. पिचरने टाकलेला बॉल खाली आणि इतका बाहेर होता की चौकटीची रेघ आणि तो ठिपका यांच्यामध्ये मोकळी जागा दिसत होती. बॅटरने बॉल सोडला, तो बरोबरच होता. पंचाने ठोसा मारला. सामना संपला.

"भाईर हाय!" आबा उठले. "आरं ए! भाईर व्हता की त्यो! ह्याच्या—" आईकडे बघून त्यांनी पुढचं गिळलं.

काका हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आबांना ते विचित्र वाटलं.

"पाव्हणं, वरडा की! गप का?"

"काय उपयोग, आबा? त्याला ऐकू जात नाही. दिलं की दिलं."

"उपयोग व्हावा म्हनून कोन वरडतंय?" आबा खरोखर चिडले होते. "भाईर व्हता तर भाईर व्हता. येवडं तरी कुनी म्हनाया नको?"

मोबाइलवर तिने टोपी काढली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, त्या ऑफिसमधल्या माणसाने पण भाईर दिलं का?"

काकांनी मान हलवली, होय म्हणून. आबा टीव्हीसमोर उभेच होते. स्टेडियममधली माणसं उठून जायला लागली होती, दिवे मात्र तसेच चालू होते. आई आतून म्हणाली, "नाश्ता करून घ्या."

थोड्या वेळाने काका हळू आवाजात मोबाइलकडे बघून म्हणाले, "भाईर होतं, बाळा." मग थोडं मोठ्याने, "भाईर होतं."

"मग ओरड ना," ती म्हणाली.

ते ओरडले की नाही, ते मी लिहीत नाही. ते त्यांचं आहे.

दसऱ्याआधी कंपनीने त्यांना कॅनडात पाठवायचं ठरवलं. तिथल्या व्हिसाचं काम लगेच होणार होतं. काका म्हणाले, निदान एकाच बाजूला असू, घड्याळ तरी जुळेल. ज्या दिवशी गेले त्या दिवशी आबांनी त्यांच्या बॅगेत आंबेमोहर तांदळाची पिशवी कोंबली. विमानतळावर ती काढायला लागली असेल का, हे आबांनी मला नंतर खूपदा विचारलं आहे.

सुरुवातीला मेसेज यायचे. बर्फाचे फोटो. सुटीत मुलगी आणि तिची आई त्यांना भेटून गेल्याचे फोटो. मग एक मेसेज आला, "पुन्हा मुलाखत आहे. कळवतो." त्यानंतर काहीच नाही. मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही. एखाद्याला नकार आलेला असावा आणि आपण पुन्हा पुन्हा विचारावं, हे बरं वाटेना. त्यांच्या खोलीत आता बिहारची दोन मुलं राहतात. चांगली आहेत, सकाळी सातलाच कामावर जातात.

टीव्हीवरचं ते ॲप मात्र होतं. आबा कधीमधी जुने सामने लावायला सांगायचे. एके सकाळी ॲप उघडलं तर पडद्यावर काहीतरी इंग्रजीत आलं.

"काय म्हंतंय त्ये?"

"पासवर्ड मागतंय."

"आपल्याकडं हाय का?"

"काकांकडे आहे."

आबांनी रिमोट टेबलावर ठेवला. मला ते काका गेल्यापेक्षाही जास्त लागलं. टाळं लावलेल्या दारासमोर उभं राहावं तसं वाटलं.

यंदाचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी मोबाइलवर वाचलं की आता तिकडे खेळाडूला दाद मागता येते. पंचाचा निर्णय पटला नाही तर लगेच हेल्मेटवर हात टेकवायचा. मग यंत्र मोजतं आणि बॉल खरंच बाहेर असेल तर निर्णय बदलतात. फार वेळा मागता येत नाही, पण येते. मी गोठ्यात जाऊन आबांना सांगितलं. ते म्हशीच्या पुढ्यात कडबा टाकत होते. त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावून बघितला.

"असं?"

"हो, असंच."

"निस्तं हात लावला की झालं? वरडायचं न्हाई?"

"नाही."

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पण थोड्या वेळाने म्हणाले, "पाव्हण्यांला आसलं कायतरी पायजे व्हतं." मग म्हणाले, "तू ईचार की रं एकदा. लई दिस झालं."

मी नाही विचारलं. आज विचारू, उद्या विचारू असं करत राहिलो. रोज सकाळी साडेसात वाजले की हॉलमधून जाताना माझं लक्ष त्या बंद टीव्हीकडे जायचं. आता तिकडे संध्याकाळ झाली असेल, कुणीतरी बॉल टाकत असेल, बाहेरचा बॉल आत म्हणून दिला जात असेल आणि आपल्याला माहीतही नाही. इतक्या लांबच्या, न पाहिलेल्या मैदानाची आठवण येऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. आबा पुन्हा ओट्यावर बसायला लागले होते.

गेल्या रविवारी सकाळी मी आणि आबा डेअरीवरून परत येत होतो. मोबाइल वाजला. अनोळखी, परदेशातला नंबर. व्हॉइस मेसेज होता. मी गाडी कडेला घेतली आणि आवाज मोठा केला. ती होती. आवाज आता थोड्या मोठ्या मुलीचा वाटत होता, आणि ती कुजबुजत बोलत होती.

"आबा, मी बोलतेय. बाबा म्हणाले होते, पोचेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. ते काल आले. घरी आले. आता मॅच चालू आहे आणि बाबा सोफ्यावर झोपलेत, तोंड उघडं ठेवून. आई म्हणाली उठव, पण मी नाही उठवणार. मी टीव्हीचा आवाज बंद केलाय."